वस्तीतला मोकळा तुकडा: खेळणी मागवण्याआधी काय बघावं?

पायवाट

मंडळी, आमच्या वस्तीत चार इमारतींच्या मधोमध एक मोकळा तुकडा आहे. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला उंच भिंत, मध्ये दोन जुनी झाडं. इतकी वर्षं तिथे गाड्या लागताहेत. आता तो सगळ्यांसाठी मोकळा करायचं ठरतंय. सूचना मागवल्या आणि जे यायचं तेच आलं: घसरगुंडी, झोपाळा, कारंजं, सेल्फी पॉइंट आणि सगळ्याला मिळून एक कुंपण. एकाने तर खेळण्यांचा कॅटलॉगच पाठवला, आवडलेल्या चित्रांवर खुणा करून.

मला कॅटलॉग नकोय. तुमच्याकडे एखादी जागा नांदती असेल तर ती का नांदते, आणि ओस पडली असेल तर कशाने पडली, ते सांगा. लहान मुलं, त्यांना घेऊन येणारे, म्हातारी माणसं, मधल्या वयाची पोरं, सगळ्यांना धरून. "लोकांना शिस्तच नाही" हे उत्तर कृपया नको, ते आम्हाला पाठ आहे.

मोजपट्टी

काही मागवण्याआधी आठवडाभर नुसतं बघा. तुकड्याचा साधा नकाशा काढा, त्याच्या प्रती करा आणि कामाच्या एका दिवशी व सुट्टीच्या एका दिवशी दर तासाला कोण कुठे आहे त्याच्या खुणा करा. बसलेल्याला गोल, उभ्याला फुली, नुसत्या ये-जा करणाऱ्याला बाण. वय अंदाजाने लिहा. एवढ्यानेच अर्ध्या सूचना गळून पडतात.

शहरातल्या मोकळ्या जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांवर कॅमेरे लावून हेच केलं. काही चौक भरलेले आणि त्यांच्यासारखेच दिसणारे शेजारचे रिकामे का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर इतकं सरळ निघालं की ऐकून हसू येतं: जिथे बसायला जागा आहे तिथे लोक बसतात. दुसरं त्यांना दिसलं ते मला फार आवडतं. सुटी खुर्ची असली की माणूस बसण्याआधी ती जरा सरकवतो. कधी वीतभर, कधी उचलून पुन्हा तिथेच ठेवतो. सरकवता आली यातच तो खूश.

निरुत्तर

सुट्या खुर्च्या! आमच्याकडे ठेवून बघा, सकाळी फक्त खुणा उरतील.

मोजपट्टी

निरुत्तर, शंका रास्त आहे. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क १९९२ मध्ये नव्याने उघडलं तेव्हा तिथे साखळी न लावलेल्या सुट्या खुर्च्याच ठेवल्या, आणि त्या टिकल्या. पण तिथे दिवसभर पगारी माणसं असतात, हे लोक सांगायचं विसरतात. माणूस नेमता येत नसेल तर जड खुर्च्या घ्या किंवा रात्री आत ठेवायची सोय करा. तेही जमत नसेल तर काटकोनात दोन पक्के बाक बसवा. समोरासमोर नकोत, अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघत कोणी बसत नाही. एका रांगेतही नकोत, तिघांना बोलायचं तर मधल्याची मान दुखते.

सावलीतला

बाकांवर आलात म्हणून लिहितो. माझं वय त्यासाठी योग्य आहे.

बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंमी उंच हवी. त्याहून खाली बसलं की उठताना कोणाला तरी हाक मारावी लागते. पाठ हवी आणि निदान एका बाजूला हात टेकायला दांडा हवा. तो उठण्यासाठी असतो, शोभेसाठी नाही. पाठ नसलेला सिमेंटचा ओटा तरुणांना चालतो, आम्हाला तो दहा मिनिटांत घरी पाठवतो. शिवाय उन्हात तापला की संध्याकाळीही बसवत नाही.

बाकाचं तोंड कुठे आहे तेही बघा. बहुतेक ठिकाणी बाक भिंतीला पाठ लावून फुलांच्या वाफ्याकडे बघतात. मला वाफा दोनदा बघून झाला. मला पोरं खेळताना बघायची आहेत, आणि कोण कोणाकडे चाललंय तेही (चौकशी करण्याइतका वेळ आता आहे).

आणि सावली. आराखड्यात झाडाखाली बाक दाखवलेला असतो, पण झाडाची सावली दुपारी चारला तिथे नसतेच, ती पूर्वेला सरकलेली असते. लोक खाली येतात तेव्हा सावली कुठे पडते ते जमिनीवर खडूने आखा आणि तिथे बाक ठेवा.

पायवाट

खडूची युक्ती लगेच करणार. काका, दोन्ही झाडांभोवती गोल पार बांधायचं चाललंय, सिमेंटचा. चालेल का?

सावलीतला

बुंध्याला चिकटवून अजिबात नको. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. पायासाठी खणलं की ती तुटतात. झाड लगेच काही बोलत नाही, चार-पाच वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, आणि तोवर पार बांधणारा विसरलेला असतो. बुंध्याभोवतीची माती उघडी राहू द्या, बाक मोजक्या पायांवर उभे करा. नवी झाडं लावलीत तर आधाराच्या काठीची दोरी वर्ष-दोन वर्षांत सोडायला कोणाला तरी बांधील करा. दोरीने गळा आवळलेली झाडं मी फार पाहिली आहेत.

दोन_मुलांचा_बाप

आता पोरांकडे वळू. कॅटलॉगमधली खेळणी दिसायला छान, पण प्रत्येकावर एकच गोष्ट करता येते. वर चढा, खाली या, रांगेत उभे राहा. लहान मुलं त्याला दोन आठवड्यांत कंटाळतात आणि मग घसरगुंडीवर उलटे चढतात. आपण ओरडतो. खरं तर तेव्हाच ती खेळायला लागलेली असतात.

आम्सटरडॅममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर आल्डो व्हान आयक या वास्तुरचनाकाराने पालिकेसाठी वस्त्यावस्त्यांत खेळाच्या जागा केल्या. पहिली १९४७ मध्ये, आणि १९७८ पर्यंत सातशेहून जास्त. पाडलेल्या घरांचे रिकामे तुकडे, चौकाचे कोपरे, जे मिळेल ते घेतलं. एका ठिकाणी झालं की शेजारच्या वस्तीतून पालिकेला पत्र यायचं: आम्हालाही हवं. सामान काय, तर रुंद कडेचा वाळूचा हौद, उड्या मारायला दगडी ठोकळे, कोलांट्या घ्यायला लोखंडी कमानी. बहुतेक ठिकाणी कुंपण नाही. हौदाच्या कडेवर मुलं वाळूचे डोंगर करायची आणि मोठी माणसं टेकायची. ठोकळ्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

निरुत्तर

वाळूत मांजरं.

दोन_मुलांचा_बाप

रात्री जाळीचं झाकण. रोज दंताळं फिरवायचं. निचऱ्यासाठी खाली खडीचा थर. होतं हो.

मोजपट्टी

खेळणी घेणारच असाल तर खेळण्यापेक्षा त्याच्या खालच्या जमिनीकडे जास्त लक्ष द्या. मूल पडणारच, कशावर पडतं हा प्रश्न आहे. फरशी, डांबर, चोपलेली माती, हे तिन्ही बाद. वाळू किंवा लाकडाचा चुरा असेल तर निदान ३० सेंमी जाड थर ठेवा, कारण झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी पाय घासून खळगा पडतो आणि नेमक्या पडण्याच्या जागी थर उरत नाही.

दुसरं, फटी. साधारण ९ ते २३ सेंमीची बंद फट धोक्याची. मुलाचं अंग पायाकडून आत जातं, डोकं अडकतं. कठड्याच्या गजांत, शिडीच्या पायऱ्यांत मोजून बघा. पत्र्याची घसरगुंडी असेल तर तोंड उत्तरेला (आपण उत्तर गोलार्धात आहोत असं धरून) किंवा थेट सावलीत. तापलेल्या पत्र्याने लहान मुलाची कातडी भाजते, त्याला भर उन्हाळाच लागतो असंही नाही.

रातराणी

सगळे "मुलं" म्हणताहेत. मुली किती वर्षांपर्यंत येतात ते मोजलंय का कोणी?

व्हिएन्नात १९९० च्या दशकात मोजलं. नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांमधून जवळजवळ नाहीशा होत होत्या, मुलगे मात्र टिकून होते. एकच मोठं मैदान असलं की ते चेंडूवाल्यांचं होतं. त्यात जाळीबंद मैदानाला एकच दार, आणि दाराशी घोळका. आत जायचं तर त्यांच्यातून वाट काढत जायचं. कोण जाईल? १९९९ मध्ये मार्गारेटन भागातल्या दोन बागा यावरून नव्याने आखल्या: मोठ्या जागेचे भाग पाडले, आत यायचे रस्ते वाढवले, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलसारख्या खेळांना जागा केली. मुली परत दिसू लागल्या. "मुलींना खेळायची आवड नसते" म्हणणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

तुमच्या तुकड्याला एका बाजूला उंच भिंत आहे म्हणालात. त्या भिंतीच्या कोपऱ्यात मला संध्याकाळी कोणी शंभर बाक दिले तरी मी बसणार नाही, कारण तिथून निघायला एकच दिशा. निदान दोन वाटा हव्यात, एकमेकींपासून लांब. झुडपं कमरेच्या खाली, झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर, म्हणजे मधून आरपार दिसतं. आणि दिवा म्हणजे एक उंच खांब आणि त्यावर डोळे दिपवणारा झोत, असं करू नका. त्या झोताच्या पलीकडे काय आहे ते दिसतच नाही. कमी उंचीचे, कमी ताकदीचे, पण जास्त दिवे लावा. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू यावा एवढीच अपेक्षा आहे.

शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर सतत कोणाची तरी नजर असते म्हणून. इमारतींच्या खिडक्या, गॅलऱ्या त्या तुकड्याकडे उघडतात का? तर त्याच बाजूला बसायच्या जागा करा. भिंतीची बाजू उजेडात, वर्दळीत राहील असं काहीतरी तिथे आणा.

कंटाळलोय_१६

भिंत आम्हाला द्या. चेंडू मारायला. आणि थोडी रंगवायला.

सिरियसली सांगतो. लहानांना खेळणी, मोठ्यांना बाक, आणि आम्ही झोपाळ्यावर बसलो की "तुमचं वय आहे का हे". उभे राहिलो की "टवाळ पोरं". आम्हाला काही फॅन्सी नको. छप्पर, मोबाइल चार्ज करायची सोय, आणि हाकलून देणारं कोणी नको, बास.

रातराणी

कंटाळलोय, +१. भिंतीचा प्रश्नच मिटला. फक्त मैत्रिणींनाही विचार त्यांना तिथे काय हवंय, आणि त्यांच्या वतीने उत्तर तू देऊ नकोस.

दोन_मुलांचा_बाप

यावरून आठवलं. लंडनच्या साउथबँकला एका इमारतीच्या तळाशी छताखालची ओबडधोबड जागा १९७० च्या दशकापासून स्केटबोर्डवाल्या पोरांनी आपली केली. कोणी त्यांच्यासाठी बांधली नव्हती. पुढे तिथे दुकानं काढून पोरांना शेजारी नवी जागा द्यायचं ठरलं, पोरं हटली नाहीत, आणि २०१४ मध्ये तो बेत सोडावा लागला. त्यांना हीच जागा हवी होती. तेव्हा पायवाट, आत्ता पोरं कुठे जमतात ते आधी बघा, नवा कोपरा नंतर द्या.

चाकावरून

मी चाकखुर्ची वापरते. तुमच्या यादीत मी कुठे आहे ते शोधत होते.

"रॅम्प आहे" असं अभिमानाने सांगतात आणि बघावं तर तो घसरगुंडीच्या मापाचा. प्रमाण १:१२ धरा. म्हणजे १५ सेंमीची पायरी असेल तर १.८० मीटर लांब उतार. वळायला दीड मीटरचा मोकळा गोल लागतो, तो दाराशी आणि वाटेच्या शेवटी हवा. स्कूटर येऊ नये म्हणून दारात आडवेतिडवे पाइप लावतात ना, स्कूटरवाला वाकवून घेऊन जातो, मी बाहेर राहते. बाबागाडीवालेही.

बाकाच्या शेजारी खुर्चीएवढी सपाट जागा सोडा. नाहीतर मैत्रीण बाकावर आणि मी वाटेच्या मध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांची माफी मागत. वाळूचा हौद करणार असाल तर त्याचा थोडा भाग टेबलाच्या उंचीला उचलून करा. चाकावर बसलेलं मूलही खेळेल, आणि पाठ धरलेली आजीही त्याच्याशी खेळेल.

पायवाट

हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आडवे पाइप आराखड्यातून आजच काढायला सांगते.

तान्हीची_मावशी

सगळं झालं, पण शी-शू कुठे करायची? चेष्टा नाही. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन जागेवर किती वेळ थांबता येतं हे बाक किंवा झोपाळा ठरवत नाही, स्वच्छतागृह ठरवतं. ते लांब असेल तर अर्ध्या तासात सगळा लवाजमा परत.

बाळाचे कपडे बदलायला फळी हवी, आणि ती फक्त बायकांच्या बाजूला नको. अमेरिकेत २०१६ मध्ये यासाठी कायदा केला: केंद्र सरकारच्या लोकांसाठी खुल्या असलेल्या इमारतींत पुरुषांच्या स्वच्छतागृहातही ही सोय हवी. बापांना मुलं सांभाळायला सांगायचं आणि फळी आईच्या बाजूला ठेवायची, हे कसं चालेल? नवं स्वच्छतागृह परवडत नसेल तर शेजारच्या वाचनालयाशी, दवाखान्याशी, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी बोलून पाटी लावा.

पाण्याचा नळ दोन उंचीवर. आणि एक प्रयोग करा, जमिनीपासून ९५ सेंमीवर मोबाइल धरून तुमच्या तुकड्याचा व्हिडिओ काढा. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण तेवढी. बर्नार्ड व्हान लीअर फाउंडेशनच्या 'अर्बन९५' या उपक्रमाचं नावच त्यावरून आहे. बाकांच्या कडा, गाड्यांचे बंपर आणि कुत्र्यांची तोंडं, एवढंच दिसतं. मूल कडेवर का मागतं ते कळेल.

दोन_चाकं

तुकडा कितीही सुंदर करा, मधला रस्ता ओलांडता आला नाही तर मुलं एकटी येणार नाहीत, आणि मुलं एकटी येत नाहीत तोवर ती जागा पालकांच्या सवडीवर चालणार. आधी रस्ता.

गाडी ताशी ५० च्या वेगाने येत असेल तर चालकाला दिसून ती थांबेपर्यंत साधारण २८ मीटर जातात. ३० ने येत असेल तर १३. चेंडूमागे धावलेल्या मुलासाठी हा फरक सगळं काही आहे. वेगाची पाटी लावून वेग कमी होत नाही, रस्त्याची आखणी बदलून होतो: तोंडाशी अरुंद करा, ओलांडायची जागा पदपथाच्या उंचीला उचला, वळण काटकोनी ठेवा. डेल्फ्टच्या रहिवाशांनी गल्लीत झाडं, बाक, वळणं आणून गाडीला माणसाच्या चालीने यायला लावलं आणि १९७६ मध्ये नेदरलँड्सने अशा गल्ल्यांना कायद्यातच जागा दिली.

निरुत्तर

आणि गाड्या कुठे लावायच्या? माझी तिथेच लागते. वडिलांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना दोन गल्ल्या चालवत नेऊ? सगळ्या सुंदर कल्पना दुसऱ्याच्या गाडीच्या जागेवर उभ्या राहतात, एवढंच म्हणायचं होतं.

दोन_चाकं

तुमच्या वडिलांसारख्यांसाठी दाराशी दोन राखीव जागा ठेवायलाच हव्यात, त्यावर वाद नाही. बाकीच्यांचं गणित मांडू. एका गाडीला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. चार गाड्या हलल्या की पन्नास. वाळूचा हौद, दोन बाक आणि एक झाड त्यात सहज बसतं. उलट चार गाड्या म्हणजे चार घरं, त्याही दिवसभर बहुधा रिकाम्या उभ्या.

निरुत्तर

चार घरांना चार गाड्या नसतात हल्ली, आठ असतात. तरी दोन राखीव जागा लेखी मिळणार असतील तर मी विरोध करणार नाही. लेखी.

मोजपट्टी

एकदम सगळं करूच नका, म्हणजे हा वाद कागदावर करायची वेळ येणार नाही. ब्राझीलच्या कुरितिबात १९७२ मध्ये महापौर जायमे लर्नर यांनी मुख्य बाजाराचा रस्ता शनिवार-रविवारात माणसांसाठी मोकळा करून टाकला, कारण चर्चा करत बसलो तर होणार नाही हे त्यांना माहीत होतं. गाडीवाले रस्ता परत घ्यायला येणार असं कळलं, तेव्हा रस्त्यावर कागद अंथरून मुलांना चित्रं काढायला बसवलं. विरोध करणाऱ्या दुकानदारांनीच पुढे रस्ता आणखी वाढवून मागितला.

महापौराची दांडगाई मला स्वतःला फारशी रुचत नाही. ब्रिस्टलची तऱ्हा बरी. तिथे २००९ मध्ये शेजारणींनी आपली गल्ली शाळा सुटल्यावर दोन-तीन तास गाड्यांना बंद केली. स्वयंसेवक दोन्ही टोकांना, रहिवाशाची गाडी आली तर माणसाच्या चालीने सोबत करत आत. पुढे पालिकेने त्याची रीतसर परवानगी द्यायला सुरुवात केली. तुम्हीही महिन्यातल्या चार रविवारी गाड्या काढा, घरच्या खुर्च्या आणा, खडू द्या. जे टिकेल ते पक्कं करा.

किल्लीवाला

एका बागेची देखभाल करतो म्हणून थोडं कडू लिहितो. उद्घाटनाला पैसे असतात, नंतरच्या तिसऱ्या वर्षाला नसतात. खर्च ठरवतानाच वर्षाकाठी देखभालीला किती ते बाजूला काढा, नाहीतर निम्मीच खेळणी घ्या.

झोपाळ्याची कडी वरून चकचकीत दिसते, आतून झिजलेली असते. लोखंडी खांब जमिनीशी टेकतो तिथे गंजतो, रंग लावल्यावर तो दिसत नाही, ठोकून बघावा लागतो. टायरच्या झोपाळ्याला खाली भोक पाडा, नाहीतर त्यात डास. साधी नजर आठवड्याला, पाना घेऊन तपासणी दर एक ते तीन महिन्यांनी, आणि वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून सगळं. वहीत लिहा, तारखेसह. मोडलेलं खेळणं दुरुस्त होईपर्यंत काढून ठेवा. दोरी बांधून "वापरू नये" लिहिलं की मुलं आधी तिथेच जातात.

आणि किल्ली. नळाची, दिव्याच्या पेटीची, स्वच्छतागृहाची. ती एकाच्याच घरी असेल तर तो गावाला गेला की बाग बंद. तीन घरांत ठेवा आणि नावं पाटीवर लिहा.

पायवाट

पहिल्या रविवारची परवानगी मागायचा अर्ज आज देते. निरुत्तर, राखीव जागांचा मजकूर तुम्हीच लिहून द्या, जसाच्या तसा जोडते. कंटाळलोय, तुझ्यासारखे पाच-सहा जण आणि तितक्याच मुली इथे शोधायला लागले आहे. नकाशाच्या प्रती काढून झाल्या. एक प्रश्न राहिला: खुणा करायला आमच्याकडे दुपारी दोन ते चार कोणीच मोकळं नाही. ते दोन तास सोडले तर फार बिघडेल का?

सावलीतला

सोडू नका. त्या वेळी कोण बाहेर येऊ शकत नाही तेच तर बघायचंय. शेजारच्या एखाद्या आजोबांना विचारा, बाल्कनीतून करतील.

मोजपट्टी

आणि त्या दोन तासांत पत्र्यावर, बाकावर हात ठेवून बघायला सांगा. चटका बसतो का, तेही त्याच कागदावर लिहा.